पाखेलबुवा आणि आमचे भाऊजी

आमच्या देवमन भाऊजींना मी वैतागलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुठे माझा आवाज चढला तर वाचणाऱ्याने दचकू नये. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, पार्बताताईचे यजमान. वलगावला त्यांची फुलशेती आहे. झेंडू, शेवंती, गलांडा, बांधाकडेला थोडा निशिगंध. त्याच फुलांवर अमरावतीत माझं लग्नाच्या सजावटीचं दुकान चालतं. म्हणजे मला दोन्हीकडून मार. साळा म्हणूनही ऐकून घ्यायचं आणि गिऱ्हाईक म्हणूनही.

माणूस निर्व्यसनी. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. असा जावई मिळायला नशीब लागतं, असं नातेवाईक म्हणतात. मी म्हणतो, एखादं व्यसन असतं तर परवडलं असतं. व्यसन सुटतं तरी. ऑर्गन सुटत नाही.

ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारून वाजवायची मोठी पेटी. पूर्वी संगीत नाटकांत रंगमंचासमोर असायची, आणि जुन्या चर्चमध्येही असायची. उंचीला कपाटाएवढी, वजनाला दोन पोती तुरीएवढी. ती भाऊजींच्या घरात, बैठकीच्या खोलीत, जिथे कुठल्याही शहाण्या माणसाने सोफा ठेवला असता तिथे उभी आहे. पाहुणे आले की खाटेवर बसतात आणि त्या पेटीकडे बघत चहा पितात.

ती घरात कशी आली ते सांगतो. अमरावतीच्या एका चर्चला दर शनिवारी फुलं पोचवायचं काम भाऊजींच्या वडिलांपासून, केशवरावांपासून चालत आलेलं. केशवराव थकले तसे भाऊजी जाऊ लागले. शनिवारी तिथे सुवार्ताबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई रविवारच्या वाजवण्याचा सराव करायच्या. आता फुलं ठेवली, फुलदाण्या भरल्या की माणसाने घरी यावं की नाही? बाजार बाकी असतो, गाडीत माल असतो. पण भाऊजी मागच्या बाकावर बसून राहायचे. एके दिवशी बाईंनी वळून विचारलं की काय ऐकता. भाऊजी म्हणाले, "हे वरचं समजलं जी. पन खालून कोन येऊन राहिलं?"

झालं. बाईंना इतक्या वर्षांत कोणी असं काही विचारलं नसावं. त्यांनी भाऊजींना शेजारी बसवलं आणि शिकवायला घेतलं. शेवंतीचा हंगाम आला की शिकणं बंद, हंगाम संपला की मागचं सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून. त्यात किती वर्षं गेली ते बाईंनाच ठाऊक. पुढे चर्चमध्ये विजेवरचा कीबोर्ड आला आणि ऑर्गन अडगळीत गेला. सुवार्ताबाई मुलीकडे नाशिकला निघाल्या, तेव्हा त्यांनी चर्चच्या लोकांना सांगून तो भाऊजींना देववला. वलगावला तो माझ्याच टेम्पोतून आला. माझ्या हातानं मी ही ब्याद बहिणीच्या घरात उतरवली. बाई वर्षभरात नाशिकलाच वारल्या.

नाशिकला जाताना त्यांनी भाऊजींना एक पुस्तकही दिलं होतं. पाखेलबेल नावाचा कोणी जर्मनीतला ऑर्गन वाजवणारा होता, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, त्याने लिहिलेल्या छोट्या छोट्या तुकड्यांचं. ताई त्याला पहिल्या दिवसापासून पाखेलबुवा म्हणते. या बुवाची जगाला एकच धून ठाऊक आहे. लग्नात नवरी आत येताना वाजते ती. तुम्ही ती नक्की ऐकली आहे, नाव माहीत नसेल इतकंच. पण भाऊजींना ती धून चालत नाही. त्यांना बुवाचं बाकीचं हवं. ऑर्गनसाठी त्याने ढीगभर लिहून ठेवलंय आणि त्यात मरीयेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, गीताआधी वाजवायचे हे तुकडेच शंभराच्या आसपास आहेत. एकेक मिनिट-दीड मिनिटाचा. संध्याकाळच्या प्रार्थनेत लोक ते गीत गायचे, त्याआधी ऑर्गनवाल्याने असा तुकडा वाजवायचा, त्यातून गाणाऱ्यांना सूर मिळायचा आणि मग ते गायचे. संपलं. म्हणजे मुळात हे गाण्याआधीचं काम. आपल्या नाटकात नटाने तोंड उघडायच्या आधी पेटीवाला सूर धरायचा, तसं.

भाऊजी ते सगळे तुकडे एकामागून एक वाजवत निघालेत. एक तुकडा नीट बसेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. बरं, फार चांगलं वाजवतात असंही नाही. खुरपं धरलेली बोटं ती, अवघड जागी अडखळतात. अडखळले की थांबून, जणू काही झालंच नाही अशा थाटात, पुन्हा सुरुवातीपासून.

मी म्हटलं, "भाऊजी, ती एक लग्नातली शिकून घ्या ना. लोक पाया पडून बोलावतीन."

"ते सारेच वाजवतात. त्या मानसानं जलमभर बाकीचं लिहिलं, ते कोनी वाजवाचं?"

"तुमीच काहून?"

"मंग कोन, तू?"

वर ते झेंडूचं उदाहरण देतात. म्हणतात, लोक झेंडूच मागतात म्हणून मी शेवंती लावायची सोडली का? मी म्हणतो, सोडली नाही म्हणूनच तर तुमची शेवंती माझ्या गळ्यात पडते.

ताईचं म्हणणं वेगळं. तिच्या मते हे काम नाही, रिकामपण आहे. तिने त्या पेटीला खोकं म्हणायचं ठेवलंय. "खोक्यापासून उठा अन् जेवा." "खोक्यावरचा कंदील काढा." एकदा भाऊजींनी मोठ्या मायेने तिला सांगितलं की पाखेलबेलच्या गावात साथ आली होती, त्यात त्याची बायको आणि तान्हं पोर गेलं, तरी तो माणूस वाजवत राहिला. ताई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "म्हंजे मी मेल्यावरबी तुमी वाजवतच राहान." भाऊजी दोन दिवस ऑर्गनजवळ गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

त्या तुकड्यांची एक रीत आहे. आधी एक आवाज एकटाच मुखडा घेऊन निघतो. तो थोडा पुढे गेला की दुसरा आवाज तोच मुखडा घेऊन वरून येतो. मग दोघांचं चाललेलं असताना तिसरा, सगळ्यांत खालचा, तोच मुखडा घेऊन शिरतो. ताईने या तिघांना नावं ठेवलीत. पहिला तो पोरगा. दुसरी ती सून. आणि शेवटी खालून येतात ते मामाजी, म्हणजे सासरे. तिचे स्वतःचे सासरे केशवराव अगदी असेच यायचे. घरात सगळ्यांचं बोलणं रंगलेलं असायचं आणि बाहेरून खाकरा ऐकू यायचा. ते आले की बाकीच्यांनी आपापलं आटपायचं. ऑर्गनमधले मामाजी आले की ताई चुलीवर चहाचं आधण ठेवते, कारण त्यांच्या येण्यानंतर तुकडा लवकरच संपतो आणि भाऊजी चहा मागतात. हे काही तिचं गाण्याचं वेड नव्हे. चहा उकळून वाया जाऊ नये म्हणून बसवलेलं गणित आहे.

लग्नाचं तर विचारूच नका. एका वधूपित्याला ती प्रसिद्ध धून हवी होती, आणि मी बोलून बसलो की आमचे भाऊजी त्याच बुवाचं वाजवतात. भाऊजींना हातापाया पडून तयार केलं. ऑर्गन हॉलवर नेला, शेवंतीने सजवला. नवरी दारात येऊन उभी राहिली आणि भाऊजींनी काय वाजवावं? मरीयेच्या गीताआधीचा तुकडा, पुस्तकातल्या चौथ्या गटातला! साउंडवाला त्यांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "काका, चेकिंग झालं असन तं सुरू करा ना."

"झालं बी," भाऊजी म्हणाले.

मी मोबाइल स्पीकरला लावला म्हणून माझी इज्जत राहिली. परतताना मला वाटलं, आता हे माफी मागतील. तर म्हणाले, "मनोज, पाह्यलं काय तुनं? त्या पोरीनं शेवटपर्यंत ऐकलं." अहो, ती संगीत कधी सुरू होतं याची वाट पाहत उभी होती!

आता यंदाची गोष्ट.

अकोल्याच्या एका चर्चमध्ये दरवर्षी कापणीचा सण असतो. शेतात जे पिकलं त्याबद्दल देवाचे आभार मानायचा. फुलं आमची असतात. यंदा तिथले पाळकसाहेब रंग निवडायला स्वतःच वलगावला आले. भाऊजी आत वाजवत होते. पाळकसाहेब अंगणात उभे राहिले ते तुकडा संपेपर्यंत हललेच नाहीत. मग आत जाऊन म्हणाले, "आमच्याकडं त्या दिवशी गायकमंडळी मरीयेचं गीत गातात. त्याआधी तुम्ही हेच वाजवाल काय?"

हेच, असं म्हणाले. लग्नातलं नाही. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी बरोबर ऐकलं ना अशा नजरेने. मग त्यांना सोडायला फाटकापर्यंत अनवाणी गेले आणि फुलांचे रंग कोणते ठरले ते विचारायचं राहूनच गेलं. ते मला नंतर फोन करून विचारावं लागलं.

त्या संध्याकाळी भाऊजी मला म्हणाले, "इतके वर्सं मी सूर देऊन राहिलो मनोज, अन् समोर गानारं कोनीच नाही. आता गातीन."

हे त्यांनी इतक्या हळू आवाजात म्हटलं की मला त्यांची दया आली. दाराशी मूग निवडत बसलेल्या ताईचा हात थांबला, तेही मी पाहिलं. माझी दया फार टिकली नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून भाऊजींनी तोच एक तुकडा सकाळ-संध्याकाळ धरला. इकडे नवरात्र सुरू, माझे फोनवर फोन. "तोडनी झाली काय?" "होऊन राहिली." मागून पोरगा, सून, मामाजी ऐकू यायचे. तोडणी करत होत्या मजूर बाया, आणि त्याही हसत होत्या.

दसऱ्याचा दिवस आमच्या धंद्यात वर्षाचा दिवस. भाऊजी आणि मी पहाटेपासून अमरावतीच्या फुलबाजारात. माल संपवून दुपारी वलगावला पोचलो. दसऱ्याला आमच्याकडे घरोघरी कामाची हत्यारं धुवून पुजतात. अंगणात ओळ मांडलेली होती. फावडं, विळे, खुरपी, फवारणीचा पंप, भाऊजींची मोटरसायकल. सगळं धुवून लख्ख, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. आणि ओळीच्या शेवटी, दोन विटांवर, उन्हात, ऑर्गन.

त्याच्या पोटातून पाणी ठिबकत होतं. खाली साबणाचा फेस साचला होता. वर जो हार घातला होता तो त्या दिवशी बाजारात पाठवला असता तर सगळ्यांत आधी उचलला गेला असता, इतकी टपोरी फुलं.

ताई पदराने हात पुसत समोर आली. "पाहा कसं चमकून राहिलं! चौघी बायांनी धरून बाहीर आनलं. मोटरीचा पाइप लावला. आतून इतली माती निंगाली, बापा! किती वर्सांची असन!"

मी ओरडलो. "ताई! अव ते पेटी आहे, म्हैस नाही! पाइप लावला?"

"मंग? हत्यारं धुवाची नाही काय?"

"हे काय हत्यार आहे?"

"नाही तं काय आहे?" ताई माझ्यावरच चढली. "अकोल्याले कामाले जाऊन राहिले ना हे? मंग त्यायचं हत्यारच झालं ना ते? इतके वर्सं मी मांडलं नाही पूजेत. म्हून यंदा मांडलं."

ज्या बाईने त्या पेटीला जन्मभर खोकं म्हटलं, तिने ती पहिल्यांदा मानाने अंगणात आणली आणि मानानेच तिचा जीव घेतला. एक ओलं फडकं पुरलं असतं! पण नाही. आमच्याकडे मान द्यायचा म्हणजे पाण्याचा पाइपच लागतो.

मी भाऊजींकडे पाहिलं. आता हा माणूस बोलेल, निदान आज तरी बोलेल. भाऊजींनी चपला काढल्या. ताईच्या हातातला नारळ घेतला, फोडला. फावड्यापासून सुरुवात करून ओळीतल्या एकेका वस्तूला वाकून नमस्कार केला. ऑर्गनलाही केला. तिथे जरा जास्त वेळ वाकलेले राहिले. मग ताईला म्हणाले, "बरं केलं."

बरं केलं! माझ्या डोक्याची शीर उडायला लागली.

संध्याकाळी त्यांनी भाता मारून पाहिला. आतून नुसती हवा सुटली. पट्ट्या फुगून एकमेकींत अडकल्या होत्या. ताई दारात उभी होती. तेव्हा तिला कळलं. ती काहीच बोलली नाही, आणि आमची ताई बोलत नाही म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी चहाही झाला नाही.

अकोल्याचा सण पुढच्या रविवारी. मी अमरावतीहून हुसेनभाईंना गाडीत घालून आणलं. बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांनी मागची फळी काढली, आत डोकावले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मनोजभाऊ, बाजाले कोनी आंघोळ घालते काय? हमारे बाप ने भी ऐसा नहीं देखा."

"दसरा होता," भाऊजी म्हणाले.

हुसेनभाईंनी हारातली उरलेली फुलं बाजूला सारली आणि जरा वेळाने म्हणाले, "दसरा होता, तं ठीक आहे." आमच्याकडच्या माणसाला एवढ्यात सगळं कळतं. त्यांनी भात्याचं सुटलेलं चामडं पुन्हा चिकटवलं, पट्ट्या वाळवून मोकळ्या केल्या. वरचा भाग बोलायला लागला. खालचा, डाव्या हाताचा, बोलेना. मोटर त्याच बाजूला होती, त्यामुळे पाइपाचा खरा मार तिकडेच बसला होता. त्याला दोन महिने तरी लागतील, असं सांगून ते गेले.

म्हणजे मामाजी गेले.

मी भाऊजींना शांतपणे समजावलं. शांतपणे म्हणजे माझ्या मानाने. "अकोल्याच्या चर्चमधी कीबोर्ड आहे. त्याच्यावर वाजवा. सारे सूर निंगतात त्याच्यातून. वीज लागते फक्त."

"नाही."

"काहून नाही?"

"तुह्या ताईनं ज्याची पूजा केली ते घरी ठेवू, अन् दुसऱ्याचं हत्यार घेऊन कामाले जाऊ?"

"अहो, ते अर्धं मेलं आहे! लोक हसतीन!"

"हसतीन. मंग गातीन."

तुम्हीच सांगा, अशा माणसाशी कोणी कसं वागावं? मी कपाळावर हात मारला आणि रविवारी पहाटे टेम्पो वलगावला नेला. झेंडूची क्रेट, शेवंतीची क्रेट, मध्ये गोधडीत गुंडाळलेला ऑर्गन. ताई लुगड्याची घडी मोडून तयार उभी होती. ती आजवर कधी भाऊजींचं वाजवणं ऐकायला घराबाहेर पडली नव्हती. "मी बी येतो," एवढंच म्हणाली आणि पुढे येऊन बसली.

चर्चमध्ये वेदीसमोर भोपळे, ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, सोयाबीनच्या पेंढ्या रचल्या होत्या. आम्ही फुलं लावली. ऑर्गन एका बाजूला ठेवला, भोपळ्यांच्या शेजारी. ताई सगळ्यांत मागच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसली. पाळकसाहेबांनी सांगितलं की वलगावचे देवमनभाऊ आज मरीयेच्या गीताआधी सूर देतील. गायकमंडळी उभी राहिली. पुढे एक मुलगी होती, तिच्या हाताच्या खुणेवर सगळे गाणार होते.

भाऊजींनी भाता मारायला सुरुवात केली. पोरगा आला. अडखळला नाही. त्याच्यामागून सून आली. दोघांचं छान चाललं होतं, आणि मी मनात म्हणत होतो, लवकर आटपा, लवकर आटपा. मग भाऊजींचा डावा हात खाली उतरला. आवाज काही आला नाही. वरचे दोन सूर तेवढे जागच्या जागी घोटाळल्यासारखे वाटले. त्या मुलीला वाटलं, झालं, सूर मिळाला. तिचा काय दोष? तिने हात वर केला आणि मंडळींनी गीताचा पहिला शब्द उचलला.

मी मान खाली घातली. इतक्या वर्षांनी एकदा वेळ आली आणि तीही अर्ध्यावर तुटली.

"थांबा ना व बायांनो!"

सगळं चर्च मागे वळलं. ताई बाकावरून उठून उभी होती. पदर डोक्यावरून घसरला होता, तोंड लाल झालं होतं.

"मामाजी याचे आहेत अजून! पुरं होऊ द्या ना त्यायचं! घाई काहाची आहे?"

गाणारे अर्ध्या शब्दावर थांबले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भोपळ्याकडे पाहिलं. वेदीसमोर फुलं लावणाऱ्या माणसाची बहीण भर प्रार्थनेत असं ओरडते, यापेक्षा अजून काय व्हायचं राहिलं होतं! तरी खरं सांगायचं तर माझ्या अंगावर काटा आला होता. "पुरं करा एकदाचं" हे ती रोज म्हणायची. "पुरं होऊ द्या" हे मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो.

भाऊजी वळले नाहीत. त्यांनी हात उचलले, थोडा वेळ मांडीवर ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पोरगा. सून. मग डावा हात खाली गेला आणि त्या मुक्या पट्ट्यांवर त्यांनी एकेक सूर वाजवला. एकही गाळला नाही. लाकडावर लाकूड आपटल्याचा टक टक आवाज येत होता, आणि खाली भात्याचा. सगळं चर्च ते टक टक ऐकत बसलं होतं. कोणी हसलं नाही. तुकडा संपला. भाऊजींनी वरचा एक सूर धरून ठेवला, मुलीकडे पाहून मान हलवली आणि मंडळी गायला लागली.

चांगले गायले. भाऊजी हात मांडीवर ठेवून, मान थोडी पुढे काढून ऐकत होते. या माणसाला मी इतका खूश कधी पाहिला नव्हता. लग्नातही नाही, आणि ते लग्न तर माझ्या बहिणीशी झालं होतं. मला त्याचाही राग आला, कारण डोळे पुसायला खिशात रुमाल नव्हता.

प्रार्थना संपल्यावर एक वयस्क गृहस्थ पुढे आले. भाऊजींचा हात हातात घेऊन म्हणाले, "फार छान. ते लग्नातलं वाजवता का हो? सुरू करा ना थोडं."

"नाही जी," भाऊजी म्हणाले.

परत निघालो. पुढच्या सीटवर आम्ही तिघं, मागे रिकामी क्रेट आणि गोधडीतला ऑर्गन. मूर्तिजापूर गेलं. मी दोनदा गाडी थांबवून चहा विचारला, दोन्ही वेळा ताईने मान हलवली. मग एकदम, समोरच्या काचेतून बाहेर बघत ती म्हणाली, "मले वाटलं, आज तरी मामाजी येतीन. मी धुतलं म्हून नाही आले."

मी उगाच हॉर्न वाजवला.

"आले ना," भाऊजी म्हणाले. "आले होते. बोलले नाही फक्त."

ताईने पदर तोंडाला लावला. बडनेऱ्याचा पूल आला, गेला. वलगावचा रस्ता लागला तेव्हा ती सावरून बसली.

"पुढच्या दसऱ्याले फडक्यानं पुसीन. पानी नाही लावत."

भाऊजींनी विचारलं, "पन मांडशीन ना?"

"मांडीन नाही तं काय," ताई खेकसली. "हत्यार आहे ना तुमचं."